नायिका चाळिशीची

या पुस्तकात ज्या बायका भेटतील त्यांतली एक राजमाता आहे, एक शेतकऱ्याची विधवा, एक टोप्या सजवणारी, एक मेंढपाळ आजीची नात आणि एक गावातल्या पोरांना शिकवणारी, जिला भूकंप थोपवता येतो आणि घडवताही येतो. ड्रॅगन मारणारीसुद्धा आहे. सगळ्या इंग्रजी फँटसी कादंबऱ्यांतल्या. त्यांच्यावर वेळोवेळी लिहिलेले लेख एकत्र लावले तेव्हा दिसलं, की तलवार घेतलेल्या तरुण मुली त्यांत कमी आणि पोक्त बायकाच जास्त आहेत. हे असं का झालं, तेवढंच या प्रस्तावनेत सांगायचं आहे.

मोठ्या माणसाने फँटसी वाचली की आपल्याकडे त्याला जरा सांभाळूनच घेतात. ‘अजून तुझं ते जादूटोण्याचं चालूच का?’ असं विचारणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडून दिलं आहे. दुसरा आक्षेप मात्र खुद्द वाचणाऱ्यांकडून येतो आणि त्यात तथ्य आहे. ‘सशक्त नायिका’ हा आता एक साचा झाला, असं ते म्हणतात. झालाच आहे. केस लाल, डोकं गरम, घोड्यावर मांड पक्की, बापाला मुलगा नाही. आजूबाजूच्या बाकी सगळ्या बायका खुळ्या, नटव्या नाहीतर कपटी. पहिल्या पन्नास पानांत ती एखाद्या सरदारपुत्राला लोळवते आणि शेवटच्या पन्नासांत त्याच्याच गळ्यात माळ घालते. आणि या सगळ्या पोरींना शिवणकामाचा तिटकारा असतो. त्या तिटकाऱ्याचा मला मनापासून वैताग आहे. जिथे कापडाच्या गिरण्या नाहीत त्या जगात अंगावरचा प्रत्येक धागा कुणीतरी बसून कातलेला असतो, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा बाईच असते. तिच्या कामाला नाक मुरडून नायिका मोठी कशी होते, हे मला आजवर कळलेलं नाही.

साचा होण्याआधी मात्र ती वाट कुणीतरी पहिल्यांदा तुडवली होती. १९३४ साली ‘वीअर्ड टेल्स’ या अमेरिकन मासिकात ‘ब्लॅक गॉड्स किस’ ही कथा छापून आली. काळ मध्ययुगातला, देश फ्रान्स. गढी जिंकलेला सरदार समोर उभ्या केलेल्या कैद्याचं शिरस्त्राण काढायला लावतो आणि आतून निघते ती गढीची मालकीण, जोइरीची जिरेल. तलवारबाज फँटसी नायिकांची वंशावळ बहुतेक जण इथूनच सुरू करतात. लेखिकेचं नाव सी. एल. मूर. बाईपण लपवायला तिने आद्याक्षरं घेतली, असं पुष्कळदा सांगितलं जातं, पण खरं कारण फार साधं होतं. ती इंडियानापोलिसच्या एका बँकेत नोकरीला होती, दिवस महामंदीचे होते, आणि वरकड कमाई बँकेला कळली तर नोकरीवर गदा येईल, ही धास्ती होती. जिरेल कुणाच्या बापाला भीत नाही. तिला जन्म देणारी साहेबाला भिऊन होती. कथेचा शेवट मला पटत नाही. ज्याचा सूड घ्यायचा त्याच्यावरच आपलं प्रेम होतं, हा साक्षात्कार तिला अगदी ऐन वेळी होतो. पण ते शिरस्त्राण निघण्याचा क्षण आजही चुकवू नये असा आहे.

त्याच्याही २९ वर्षं आधी आपल्याच देशात, १९०५ साली, मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझीन’मध्ये रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ आली होती. नवरा दौऱ्यावर गेलेला असताना वेळ घालवायला लिहिलेली ही इंग्रजी गोष्ट. तिच्यातल्या राज्यात पुरुष पडद्याआड, मर्दान्यात बसतात आणि बायका सूर्याची उष्णता वापरून लढाई जिंकतात. जिरेलच्या वंशावळीत हे नाव कुणी घालत नाही. घालायला हवं.

मग टोल्किन. ‘द रिटर्न ऑफ द किंग’ १९५५ चं. युद्धावर निघालेले पुरुष एओविनला घर सांभाळायला मागे ठेवतात, ती पुरुषवेषात निघते आणि कुणाही पुरुषाच्या हातून मरण नाही अशी खात्री असलेल्या नाझगुलांच्या म्होरक्याला रणांगणात मारते. हिरण्यकशिपूची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्याला यातली गंमत लगेच कळते. वरातली पळवाट शोधावी ती अशी. पुढे तिचं लग्न होतं आणि ती तलवार ठेवून शुश्रूषेकडे वळते, यावर वाचक अजून भांडतात. मला त्या भांडणापेक्षा एक लहानसा प्रसंग जवळचा वाटतो. ती जखमी होऊन पडली असताना गँडाल्फ तिच्या भावाला सुनावतो, की तुला घोडे होते, पराक्रम होते, मोकळं रान होतं. ही मात्र म्हाताऱ्या, खचत चाललेल्या राजाच्या उशाशी बसून होती. तिच्यात काही धग असेल, हे तुमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नाही. टोल्किनने ते एका परिच्छेदात मिटवलं, पण तिची खरी कादंबरी तिथे आहे. आजारी माणसाच्या उशाशी गेलेली वर्षं.

१९८०च्या दशकात अमेरिकेत मुलींसाठी फँटसीचं दार सताड उघडलं. टॅमोरा पिअर्सची अलाना १९८३ मध्ये जुळ्या भावाशी जागा बदलून सरदारकी शिकायला राजवाड्यात शिरते. लाल केस, तापट डोकं, सगळं आहे. साचा पुढे तिच्यावरूनच पडला, त्याला ती काय करणार? पिअर्स त्या काळात घराबाहेर वाढणाऱ्या किशोरवयीन मुलींच्या वसतिगृहात गृहमाता होती. तिने ही गोष्ट मुळात मोठ्यांसाठी लिहिली होती आणि ती या मुलींना वाचायला द्यायला नको, असं तिथल्या प्रमुखांचं मत पडलं. मग तिने ती तोंडी सांगितली, मुलींना झेपेल तशी. त्याचा फायदा पानोपानी जाणवतो. मुलाच्या वेषात तलवार शिकणाऱ्या या पोरीला एका सकाळी पाळी येते. आपल्याला काय झालं हे तिला कळत नाही, ती घाबरते, आणि मित्राच्या आईकडे जाते. ती आई सगळं समजावून सांगते. तोवरच्या फँटसीत शेकडो घोडे, हजारो तलवारी आणि लाखभर प्रेतं होती, पण ही सकाळ नव्हती.

रॉबिन मॅकिन्लीच्या ‘द हीरो अँड द क्राउन’मधली एअरिन त्याच्या पुढच्याच वर्षीची, १९८४ ची. या पुस्तकाला १९८५ मध्ये न्यूबेरी पदक मिळालं. एअरिन राजकन्या आहे, पण दरबारात तिची आई चेटकीण होती अशी कुजबुज असते आणि तिला कुठेच धड जागा नाही. तिला एका जुन्या ग्रंथाच्या शेवटी एका मलमाची कृती सापडते. अंगाला लावलं तर आग लागत नाही, असं मलम. कृतीत पदार्थ आहेत, प्रमाण नाही. मग ती वर्षानुवर्षं प्रमाण बसवत राहते. हे जास्त, ते कमी, काडीला लावून मेणबत्तीच्या ज्योतीत धर, पुन्हा फसलं, पुन्हा कर. सोबतीला बापाचा लंगडा झालेला, कुरणात सोडून दिलेला लढाऊ घोडा. त्यालाही ती अशीच हळूहळू माणसात आणते. मलम जमल्यावर ती जे ड्रॅगन मारते ते कुत्र्याएवढे असतात. त्या देशात ते पिकांवरच्या उंदरांच्या पंगतीतले, त्यांना मारण्यात कसली मर्दुमकी नाही. पुढे खरा प्रचंड ड्रॅगन येतो, ती त्यालाही मारते आणि त्यात भाजून, मोडून निघते. त्याची कवटी विजयचिन्ह म्हणून राजवाड्यात टांगतात. ती कवटी एअरिनशी बोलत राहते, तू कोण, तुझं काय काम इथे. सगळ्या शहरावर तिची मरगळ पसरते. पराक्रमानंतरची उदासी इतक्या नेमकेपणाने लिहिलेली मी क्वचित वाचली आहे. मलमाचं प्रकरण तर प्रयोगशाळेत खपलेल्या प्रत्येकीने वाचावं.

इथवरच्या मुली मला आवडतात. पण ज्या बाईमुळे हे पुस्तक लिहावंसं वाटलं ती चाळीस वर्षांची आहे, तिला घोड्यावर बसण्याची फारशी सवय उरलेली नाही आणि कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात ती दरबारी जोडे घालून पायी पळून जायचा प्रयत्न करते.

लोइस मॅकमास्टर बुजोल्डच्या ‘पॅलडिन ऑफ सोल्स’मधली इस्ता. शॅलियनच्या राजाची विधवा, आताच्या राणीची आई. तिला वेड लागलं आहे, असं तमाम दुनिया मानून चालते. प्रत्यक्षात राजघराण्यावर एक शाप होता, तो तिला दिसत होता, तो उतरवण्याच्या खटपटीत तिच्या समोर एक माणूस मेला, आणि हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. आता शाप उतरला आहे. आई नुकतीच वारली आहे. मुलगी आपल्या राज्यात सुखी आहे. इस्ताला करायला काही म्हणजे काही उरलेलं नाही, आणि वाड्यातले सगळे तिला जपताहेत. बुजोल्डचं कसब इथे आहे. इस्ताला कुणी छळत नाही. कुणी कोंडत नाही, टाकून बोलत नाही. दासी प्रेमळ, कारभारी एकनिष्ठ, जो तो तिच्या तब्येतीची चौकशी करतो. ‘राणीसाहेबांना थकवा आला असेल.’ या एका वाक्याच्या आत माणूस किती वर्षं कोंडून राहू शकतो, हे वाचताना आपल्याच घराण्यातल्या एखादीची आठवण यावी.

म्हणून एका सकाळी ती वेशीतून सरळ चालायला लागते. सोबत कुणी नाही, पैसे नाहीत, पायांत फरसबंदीवर मिरवायचे जोडे. वाटेत यात्रेकरूंचा एक जथा भेटतो, चार गप्पा होतात आणि मागून घोडेस्वार येऊन तिला अदबीने परत नेतात. पण त्या जथ्याने तिला युक्ती दिलेली असते. विधवेने यात्रेला जायचं म्हटलं तर कुणाला नाही म्हणता येत नाही.

मराठी वाचकाला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. काशी असो, पंढरपूर असो, नाहीतर नर्मदेची परिक्रमा असो, आपल्याकडच्या कितीतरी विधवांना उंबरठ्याबाहेर पडायला समाजमान्य असं तेवढं एकच निमित्त होतं. त्यांतल्या किती जणी खरोखर पुण्यासाठी गेल्या आणि किती जणी नुसता मोकळा रस्ता बघायला, हे कुणी विचारलं नाही. इस्ताला पुण्याचं काडीचं कौतुक नाही. देवांवर तिचा दात आहे. तिच्या जगात देव पाच आहेत: पिता, माता, पुत्र, कन्या आणि पाचवा अनौरस, जो अवेळी घडणाऱ्या आणि कुठेच न बसणाऱ्या सगळ्या गोष्टींचा मालक. यातला पाचवा तिच्या मागे लागतो आणि ती त्याला तोंडावर शिव्या देते. जनाबाईने विठ्ठलाला घातलेल्या शिव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे भांडण परकं वाटणार नाही. फरक इतकाच, की जनाबाईच्या रागाच्या तळाशी लाड आहेत आणि इस्ताच्या तळाशी हिशेब. देवांनी तिचं तारुण्य वापरून घेतलं. आता आणखी काय हवंय, असं ती विचारते, आणि देवाला उत्तर द्यावं लागतं. ही कादंबरी २००३ ची. तिला ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही पुरस्कार मिळाले.

बुजोल्डने मध्ययुगीन स्पेनच्या इतिहासाचा एक विद्यापीठीय अभ्यासक्रम केला होता, शॅलियनचं बीज त्यात आहे. कोलंबसाला पाठवणाऱ्या इझाबेला राणीची आई, पोर्तुगालची इझाबेला, वैधव्यानंतर वेडाचा शिक्का घेऊन अरेव्हालोच्या वाड्यात वर्षानुवर्षं पडून होती. तिथेच १४९६ मध्ये वारली. इतिहासाने तिला एक ओळ दिली. बुजोल्डने त्या ओळीला घोडा दिला, सोबत एक धीट डाकस्वार पोरगी, एक जाडा, धांदरट पुरोहित आणि एक जबरदस्त उर्मट जीभ दिली.

अर्सुला ल ग्विनची गोष्ट वेगळी. तिने स्वतःच्याच पुस्तकांशी भांडण काढलं. तिच्या ‘अर्थसी’ मालिकेतल्या पहिल्या तीन कादंबऱ्या १९६८ ते १९७२ मधल्या. त्यांतल्या दुसरीत, ‘द टूम्ब्स ऑफ आटुआन’मध्ये, टेनार भेटते. लहानपणीच आईबापांकडून उचलून नेलेली, नाव पुसलेली, अंधाऱ्या भुयारांची महापुजारीण. भुयारात चोर शिरतो. तो गेड असतो, पहिल्या पुस्तकाचा नायक. त्याला मारणं तिचं कर्तव्य, पण ती त्याला मारत नाही आणि दोघं मिळून बाहेर पडतात. अद्भुत पुस्तक आहे. पण मग टेनारचं पुढे काय? तिसऱ्या पुस्तकात ती नाहीच. जादूगारांच्या त्या जगात जादूची शाळा फक्त मुलग्यांना, बायकांची जादू हलक्या प्रतीची, आणि हे सगळं ल ग्विनने स्वतःच, फारसा विचार न करता, परंपरेने आलं तसं लिहिलेलं. तिच्या हे ध्यानात आलं आणि तिने १९९० मध्ये ‘तेहानू’ लिहिलं.

‘तेहानू’त टेनार शेतकऱ्याची विधवा आहे. मुलं मोठी होऊन पांगली आहेत. तिच्या पदरात एक लहान मुलगी येते, आपल्याच माणसांनी जाळून टाकायचा प्रयत्न केलेली, एक डोळा आणि एक हात गमावलेली. गेड परत येतो तो सगळी जादू गमावून, आणि शेळ्या राखायला लागतो. खलाशी झालेला मुलगा घरी येतो आणि जेवल्यावर ताट तसंच टाकून उठतो, कारण ते उचलणं बायकांचं काम. अवघ्या अर्थसीत ड्रॅगन, भुतं, मेलेल्यांचा देश काय काय आहे, पण त्या न उचललेल्या ताटाइतका राग मला दुसऱ्या कशाचा आला नाही. पुष्कळ जुने वाचक यावर चिडले. महाजादूगाराला तुम्ही गुराखी केलंत, साहस कुठे गेलं, म्हणाले. साहस इथे दार लावून घेण्यात आहे. बाहेर मुलीला जाळणारी माणसं फिरताहेत, आत एक बाई, एक पोर आणि चुलीतला विस्तव. मुलीच्या अंगावरची ती जखम कुठल्याही मंत्राने बरी होत नाही, आणि ल ग्विनने ती शेवटपर्यंत तशीच राहू दिली.

टेरी प्रॅचेटच्या चेटकिणींचं काय सांगू? आपल्या मुलांच्या दोन-तीन पिढ्यांची चेटकीण रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली आहे, ती हसवते आणि घाबरवते. प्रॅचेटची ग्रॅनी वेदरवॅक्स यांतलं दुसरं काम तेवढं करते. ती जादू करू शकते आणि शक्यतो करत नाही. तिच्या डोंगराळ मुलखातल्या चेटकिणींचं रोजचं काम आपल्या गावच्या आशाताईंसारखं आहे: कुणाचं बाळंतपण, कुणाच्या मरणाच्या रात्री सोबत बसणं, एकट्या म्हाताऱ्यांच्या पायांची नखं कापणं. ‘द वी फ्री मेन’मधली टिफनी फक्त नऊ वर्षांची आहे, तरी ती या पोक्त बायकांच्या पंगतीत हक्काने बसते. नदीतून राक्षसीण वर येते तेव्हा टिफनी पुस्तक काढून बघते. बशीएवढे डोळे, असं तिथे लिहिलेलं. ती घरात जाऊन बशी मोजते, मग तळण्याचा तवा उचलते आणि राक्षसिणीला आमिष म्हणून धाकट्या भावाला काठावर बसवते. या मुलीला कुणी सशक्त म्हणू नये. ती हुशार आहे, थोडी दुष्ट आहे आणि उत्तम चीज करते.

डायना विन जोन्सच्या ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’मधली सोफी शापाने रातोरात म्हातारी होते, आणि तिला पहिल्यांदाच मनातलं बोलायची मोकळीक मिळते. मियाझाकीचा २००४ चा चित्रपट पाहिलेल्यांनीही पुस्तक वाचावं, त्यातली सोफी जास्त भांडखोर आहे. एन. के. जेमिसिनच्या ‘द फिफ्थ सीझन’मधली एसन चाळिशी ओलांडलेली आई. कादंबरीच्या सुरुवातीलाच नवऱ्याने लहान मुलाचा जीव घेतलेला असतो आणि मुलीला घेऊन तो पळालेला असतो. त्याच दिवशी जग बुडायला लागतं. या त्रयीच्या तिन्ही भागांना २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षं ह्यूगो मिळाला. त्यावर वेगळा लेख आहेच.

हे सगळं वाचताना मला चातुर्मासातल्या कहाण्या आठवत राहिल्या. बायकांनी बायकांना सांगितलेल्या आपल्याकडच्या खऱ्या अद्भुतकथा त्याच. शिवामुठीच्या कहाणीतली नावडती गोठ्यात राहते, उष्टंमाष्टं खाते, रानात नागकन्या तिला व्रत सांगतात, देवळाचा चमत्कार होतो आणि सासरा तिला मानाने घरात घेतो. चमत्कार केवढा, आणि बक्षीस काय? त्याच घरात, त्याच माणसांची आवडती होणं. इस्ताला घर परत मिळत नाही आणि तिला ते नकोच असतं. कहाणीवर मी रागावलेली नाही. जिला गोठ्यातून ओसरीवर यायचं होतं तिला ओसरी हीच मोठी मजल होती. पण नावडती त्या देवळातून परतलीच नसती तर, हा प्रश्न मला या परक्या पुस्तकांनी विचारायला शिकवला.

एका नावाची गैरहजेरी खटकेल म्हणून सांगते. मॅरियन झिमर ब्रॅडलीची ‘द मिस्ट्स ऑफ अ‍ॅव्हलॉन’ एके काळी अशा प्रत्येक यादीत वरती असे. तिच्या मुलीने २०१४ मध्ये आईवर लैंगिक अत्याचाराचे जे आरोप जाहीरपणे केले, त्यानंतर ते पुस्तक मी उघडू शकले नाही. इतरांनी काय करावं हे मी सांगणार नाही. मला त्यावर लेख लिहिता आला नाही, इतकंच.

आता वाचायला कुठून सुरुवात करावी? ‘पॅलडिन ऑफ सोल्स’ ही मालिकेतली दुसरी कादंबरी. तिच्याआधीची ‘द कर्स ऑफ शॅलियन’ चांगलीच आहे, पण ती वाचली नाही तरी अडत नाही. थेट इस्तापासून सुरू करा. ‘तेहानू’चं तसं नाही. आधी ‘टूम्ब्स’ वाचा, जमलं तर मध्ये काही वर्षं जाऊ द्या. आणि अर्थसी मुलांची पुस्तकं म्हणून दुकानात एकत्र बांधून मिळतात, तेव्हा बारा वर्षांच्या मुलीच्या हातात ‘तेहानू’ देण्याआधी ते स्वतः वाचून घ्या. अलाना, एअरिन आणि टिफनी मात्र खुशाल तिच्या हातात द्या. आणि या पुस्तकातले लेख कथानकाचे शेवट लपवत नाहीत, त्यामुळे ते मूळ कादंबऱ्यांनंतर वाचलेले बरे.